बॅरियाट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन झालं, घरी आलात, आता पहिले काही आठवडे काय करायचं

आल्या आल्या वजनकाट्यावर चढू नका, हॉस्पिटलात सलाईन चढवलेलं असतं त्यामुळे काटा कधीकधी वाढलेलाच दिसतो आणि उगाच जीव खाली-वर होतो. सध्या मुख्य काम पाणी पिण्याचं. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकतात ते) असो नाहीतर बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात ते), आत सूज असते, ग्लास तोंडाला लावून घटाघटा पिणं जमतच नाही, म्हणून औषधाचा छोटा कप घ्या, ३० मिली भरा, पंधरा मिनिटांत घोट घोट करत संपवा की परत भरा. हळूहळू दिवसाला दीड लिटरपर्यंत पोचायचंय. तहान लागेल मग पिऊ असं केलंत तर मागे पडाल, सरळ मोबाईलवर अलार्म लावा. लघवी गडद व्हायला लागली, उठल्यावर गरगरतंय, म्हणजे पाणी कमी पडतंय. सोडा, कोल्ड्रिंक बंद.

खाण्याचा क्रम साधारण असा: आधी पातळ गाळलेलं, मग घट्टसर लिक्विड, दोनेक आठवड्यांनी मऊ वाटलेलं, पण तुमच्या डाएटिशियनने दिलेला तक्ताच खरा, दुसऱ्या पेशंटचा बघून पुढे उडी मारू नका, आतले टाके भरायचे असतात. प्रोटीनचं टार्गेट बहुतेकांना ६० ते ८० ग्रॅम देतात, पावडरशिवाय सुरुवातीला ते जमणं कठीणच. घट्ट खाणं सुरू झालं की जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास थांबायचं.

खांदा दुखतो तो बऱ्याचदा दुर्बिणीच्या ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे, त्यावर उपाय चालणं, आणि चालल्याने पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोकाही कमी होतो, म्हणून घरातल्या घरात का होईना दर तासा-दोन तासांनी एक फेरी मारा. वजन उचलणं मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, अल्सर होऊ शकतो, बायपासवाल्यांनी तर जास्तच जपायचं. शुगर-बीपीच्या गोळ्यांचा डोस लगेच विचारून घ्या, जुनाच चालू ठेवला तर शुगर धाडकन खाली येऊ शकते.

आणि हे घरच्यांनाही वाचायला द्या: ताप, बसल्या जागी नाडी १२० च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी, दम लागणं, एका पोटरीला सूज, किंवा पाणीसुद्धा उलटून पडतंय, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी सर्जनच्या टीमला फोन लावा, नाही लागला तर थेट इमर्जन्सी गाठा.