कच्च्या रस्त्यावरच्या बाइकसाठी चेन ल्यूब निवडताना

आधी चेन कुठली आहे ते पाहा. रॉयल एनफिल्ड हिमालयनसारख्या गाड्यांना ओ-रिंग चेन असते. तिच्या पिनांमधलं ग्रीस कारखान्यातच भरून रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं. म्हणजे वरून मारायच्या ल्यूबचं (वंगणाचं) काम एवढंच: बाहेरून गंज धरू न देणं, रिंगा मऊ ठेवणं आणि चेनचे रोलर आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) यांच्यातली झीज कमी करणं. डब्यावर 'ओ-रिंग सेफ' लिहिलेलं नसेल तर तो घेऊच नका.

उन्हाळ्यात मातीच्या वाटांवर चिकट ल्यूब टाळा. त्यावर धूळ बसते, तिची काळी लगदी होते आणि ती स्प्रॉकेटचे दात अक्षरशः घासून काढते. अशा वेळी सुकल्यावर कोरडा थर सोडणारा वॅक्स किंवा ड्राय ल्यूब बरा. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या चिखलात मात्र तो लवकर धुऊन जातो; तिथे चिकट ल्यूबच टिकतो. 90 नंबरचं गिअर ऑइल स्वस्त आणि चांगलं, फक्त उडतं फार आणि वरचेवर लावावं लागतं.

चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने धुवा. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश नको, रिंगा खराब होतात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवत खालच्या चेनच्या आतल्या बाजूला पातळ थर द्या. (इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवताना बोटं गेल्याची उदाहरणं आहेत.) राइडहून आल्यावर चेन कोमट असतानाच हे करा, जास्तीचं फडक्याने पुसा आणि रात्रभर गाडी तशीच ठेवा.