'हौ च्यू पत् फत्' : कॅन्टोनीजमधला निषेधाचा भारदस्त शब्दप्रयोग

हाँगकाँगमध्ये कामासाठी येऊन कॅन्टोनीज शिकणाऱ्यांना बाजारातली भाषा लवकर साधते. बातम्यांची भाषा मात्र बराच काळ परकी राहते, कारण वृत्तपत्रे प्रमाण चिनीत लिहिली जातात आणि तीच वाक्ये कॅन्टोनीज उच्चारांनी वाचली जातात. 'हौ च्यू पत् फत्' हा चार अक्षरी शब्दप्रयोग मला या लेखी थरातच भेटला. त्याचा शब्दशः अर्थ मुखाने दंड देणे आणि लेखणीने चढाई करणे असा असून, एखाद्याच्या निंद्य वर्तनाचा अनेकांनी बोलून आणि लिहून केलेला जाहीर निषेध त्यातून व्यक्त होतो.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसाला थोडी सवलत आहे. 'च्यू'मधला च 'चिमणी'तल्यासारखा तालव्य आहे आणि 'पत्'मधला प आपल्या प इतकाच अल्पप्राण आहे. 'फत्'मधला फ मात्र 'फॅन'मधल्यासारखा ओठ दातांना लावून काढायचा. शेवटचा त् जिभेने अडवून तिथेच थांबवावा, त्याचा स्फोट होऊ देऊ नये. कष्ट आहेत ते स्वरांच्या चढउतारांत: पहिले अक्षर चढते, मधली दोन उंच आणि सपाट राहतात, शेवटचे खाली उतरून सपाट होते.

वापरताना टीकाकार अनेक असावेत आणि प्रकरण सार्वजनिक असावे, एवढे पाहावे. साहेब एकट्या कर्मचाऱ्याला रागावले, तर त्याला 'पेइ यन् नाउ', म्हणजे बोलणी खाल्ली, इतकेच म्हणतात. तिथे हा शब्दप्रयोग हास्यास्पद ठरतो. बातमीत तो बहुधा 'चोउतोउ कॉक्काय', म्हणजे सर्व थरांकडून वाट्याला येणे, या शब्दांना जोडून येतो आणि त्याचा भाव आपल्या 'सर्व थरांतून टीकेची झोड उठली' याच्या जवळ जातो. 'तोंडसुख घेणे' मात्र इथे चालणार नाही, कारण त्यात टीकाकाराच्याच हेतूवर शंका आहे, आणि चिनी शब्दप्रयोग निषेध करणाऱ्याच्या बाजूने बोलतो.

याच्याबरोबर 'चुङ् छी ची तिक्', म्हणजे सर्वांच्या बाणांचे लक्ष्य, हेही शिकून ठेवावे. त्यात लक्ष्य झालेला माणूस दोषी असेलच असे नाही. माझ्या मते नवशिक्याने हे दोन्ही प्रयोग आधी बातम्यांत ओळखायला शिकावेत, मग कार्यालयीन टिपणात लिहावेत आणि गप्पांमध्ये सहसा टाळावेत. मित्रमंडळींत याच प्रसंगाला 'नाउ पाउ' हा रांगडा शब्द पुरतो.