स्वतःच्या जमिनीसाठी जुना जेसीबी घेताय? या चुका टाळा

शेततळं खणायचं, बांध घालायचे, उतारावर टप्पे पाडायचे, घरापर्यंत रस्ता काढायचा. कामांची यादी कागदावर उतरली की भाड्याचा आकडा डोळ्यांत खुपतो आणि ‘त्यापेक्षा जुना जेसीबीच घेऊन टाकू’ असं वाटू लागतं. विचार वाईट नाही. पण हा सगळा व्यवहार तासांचा आहे: तुमच्या कामाचे तास आणि त्या मशीनवर आधीच झालेले तास. बहुतेक जण दोन्हीकडे फसतात.

काम न मोजता मशीन बघायला जाणं

३० × ३० × ३ मीटरचं, १:१ उताराचं शेततळं म्हणजे २,१९६ घनमीटर माती. मुरमात जेसीबी तासाला साधारण २५ घनमीटर काढतो असं धरलं तर ८८ तास झाले. प्रत्यक्षात जास्तच लागतात, कारण तळ्याचा मध्य काठापासून १५ मीटरवर असतो आणि मागच्या बकेटचा हात तिथून काठापर्यंत पोचत नाही. तीच माती दोनदा उचलावी लागते. २० टनी पोकलेन हेच काम निम्म्याहून कमी वेळात उरकतं. पाच एकरांवरचे बांध आणि रस्ता यांचे आणखी ५०-६० तास धरा. म्हणजे एकूण दीडशे तास, तेही आयुष्यात एकदाच. पुढे दरवर्षी गाळ काढायला १५-२० तास पुरतात.

आता दुसरी बाजू. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या तालुक्यातले घालून बघा. भाड्याचा जेसीबी डिझेल-ऑपरेटरसह तासाला १,२०० रुपये. स्वतःच्या मशीनला तासाला पाच लिटर डिझेल म्हणजे ४६० रुपये, ऑपरेटर १५०, तेल-फिल्टर आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढायचे १५०. बचत झाली तासाला ४४० रुपये. मशीन १२ लाखांचं असेल तर वर्षाचं व्याज १ लाख २० हजार, किमतीतली घट ८० हजार, विमा वगैरे २० हजार. एकूण २ लाख २० हजार. ४४० ने भागा: वर्षाला ५०० तास काम असेल तेव्हा कुठे बरोबरी होते. दीडशे तासांच्या कामासाठी मशीन घेणं म्हणजे ताकासाठी म्हैस घेणं. ‘उरलेल्या वेळात भाड्याने चालवू’ हे उत्तर देण्याआधी गावात आधीच किती जेसीबी उभे आहेत तेवढं मोजा.

मीटरवर विश्वास ठेवणं

ठेकेदाराकडचा जेसीबी वर्षाला दीड-दोन हजार तास सहज चालतो. दहा वर्षांच्या मशीनवर ४,८०० तास दिसत असतील तर मीटर बदललेला असतो किंवा बरेच दिवस बंद होता. मीटर बाजूला ठेवून पेडलचं रबर, लिव्हरच्या मुठी, सीटचा पाया आणि पायाखालचा पत्रा बघा. पेडल झिजून गुळगुळीत आणि मीटर मात्र तरुण, असं जमत नाही. मशीनला लाइव्हलिंक (मशीनचे तास मोबाइलवर दाखवणारी जेसीबीची सोय) असेल तर मालकाला त्याच्याच मोबाइलवर तास उघडून दाखवायला सांगा.

कामाचा प्रकारही विचारा. ब्रेकर लावून खडक फोडलेलं मशीन त्याच तासांच्या माती उपसणाऱ्या मशीनपेक्षा कितीतरी जास्त थकलेलं असतं. डिपरवरून (ज्याच्या टोकाला मागची बकेट असते तो हात) जाणारी ब्रेकरची जादा पाइपलाइन किंवा ती काढल्याच्या क्लॅम्पच्या खुणा दिसल्या तर डिपरच्या खालच्या बाजूला वेल्डिंग आणि चिरा शोधा. नुसत्या तेवढ्याच भागाला ताजा पिवळा रंग असेल तर तो नखाने खरवडा.

गरम केलेलं मशीन बघणं

विक्रेता ‘चालू करूनच ठेवलंय साहेब’ म्हणाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. चालू करण्याआधी इंजिनला हात लावा, ते थंडच हवं. रेडिएटरचं झाकणही तेव्हाच उघडा; पाण्यावर तेलाची साय असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेला समजा. चालू झाल्यावर दोन-चार सेकंद पांढरा धूर चालतो, निळा धूर टिकून राहिला तर इंजिन तेल खातंय. मग आयडलवर ऑइल भरायचं झाकण सैल करा. ते टणटण उडायला लागलं आणि धुराचे झोत आले, तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तेच: झिजलेल्या पिस्टनच्या बाजूने धूर खाली येतोय. म्हणजे इंजिन उघडावं लागणार.

याच्या उलट, हायड्रॉलिक्स गरमच बघायचं. थंड तेल घट्ट असतं, त्यामुळे झिजलेला पंपही सकाळी जोरात वाटतो आणि दुपारी बकेट उचलताना रडतो. निदान पाऊण तास खरं खोदकाम करून घ्या, मग पुढची बकेट भरून छातीइतकी उचला, इंजिन बंद करा, सिलेंडरच्या दांड्यावर खडूची खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. बकेटखाली कोणीही उभं राहायचं नाही. तेल निवताना बोटभर उतार ठीक. वीतभर उतरली तर सिलेंडरचं सील किट किंवा तेल वाटून देणारा कंट्रोल व्हॉल्व्ह गेलाय. पहिलं स्वस्तात सुटतं, दुसरं नाही; त्यामुळे नेमकं कोणतं ते कळल्याशिवाय भाव बोलू नका.

गिअरबॉक्सही गरम असतानाच तपासा, तोही चढावर. पुढे-मागे लिव्हर टाकल्यावर मशीनने लगेच उचल घ्यायला हवी. इंजिन ओरडतंय आणि चाक विचार करतंय, असं असेल तर ट्रान्समिशनचं तेल हुंगा. जळका वास आला तर परत फिरा.

पिन-बुशकडे दुर्लक्ष

मागचा बूम पूर्ण लांब करून बकेट जमिनीपासून फूटभर वर धरा, इंजिन बंद करा आणि बकेट बाजूने हाताने ढकला. टोकाशी बोट-दोन बोटं हलणं चालेल. वीतभर हलली तर किंगपोस्टच्या (मागचा बूम ज्यावर डावी-उजवीकडे फिरतो तो सांधा) पिन-बुश आणि कदाचित भोकंही गेली आहेत, म्हणजे बोअरिंगचं काम निघणार. दाखवायच्या आधी ठासून ग्रीस भरलं की हा ढिलेपणा थोडा वेळ लपतो, म्हणून ही चाचणी खोदकामानंतरच करा.

कागद नंतर बघू म्हणणं

चेसिस क्रमांक आरसीशी ताडून बघा. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातल्या मशीनला तिथल्या आरटीओची एनओसी लागते. स्वस्त मशीन पुष्कळदा इथेच अडकतं.

एप्रिल २०२१ नंतर बनलेल्या टायरवाल्या मशीनना नवे उत्सर्जन निकष लागू आहेत. त्यांतला बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. त्याआधीच्या बहुतेक जेसीबींचा यांत्रिक पंप तालुक्याचा मिस्त्री खोलतो. घरच्या कामाला जुनंच बरं.

आणि मशीन आपलं, जमीन आपली, म्हणून मुरूम बाहेर नेऊन विकायला मोकळे, असं नाही. विनापरवाना गौण खनिज काढलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि मशीनही जप्त होतं. मातीला हात लावण्याआधी तहसील कार्यालयात विचारा.

घेऊन उभं करून ठेवणं

घरचं मशीन कामापेक्षा उभं राहून जास्त बिघडतं. सिलेंडरच्या चकचकीत दांड्यावर गंजाचे ठिपके पडतात आणि पुढच्या वेळी तेच ठिपके सील कापतात. उंदीर वायरी कुरतडतात, अर्ध्या टाकीत पाणी साचतं. पावसाळ्याआधी टाकी पूर्ण भरा, बाहेर राहणाऱ्या प्रत्येक दांड्याला ग्रीस फासा, बॅटरीची वायर काढा, आणि पंधरा दिवसांतून एकदा ती जोडून मशीन अर्धा तास चालवा, सगळे लिव्हर हलवत. तेवढंही जमणार नसेल तर दिवाळीनंतर घ्या, मेपर्यंत सगळी कामं उरका आणि मृगाआधी विकून टाका.