मेडिकलच्या काउंटरवर फार्मासिस्टचे अधिकार: जे आहेत ते पूर्ण कसे वापरावेत

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून सात ठरावीक तक्रारींवर फार्मासिस्ट स्वतः तपासून औषध देतात. घसादुखी आणि स्त्रियांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग त्यात येतो. त्याच वर्षी जूनमध्ये, ठरवून दिलेल्या लेखी निर्देशांनुसार औषध देण्याची मुभा तिथल्या फार्मसी टेक्निशियननाही मिळाली. हे अधिकार लेखी निर्देश आणि प्रत्येक रुग्णाची नोंद यांच्या अटीवर चालतात. आपल्याकडे फार्मासिस्टला औषध लिहून देता येत नाही. पण २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी चिठ्ठी तपासणं आणि रुग्णाला समुपदेशन करणं हे काम त्याच्याकडे स्पष्टपणे दिलं आहे, आणि बहुतेक काउंटरवर नेमकं तेच होत नाही. अधिकार वाढवून हवे असतील तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

आधी चिठ्ठी वाचा. डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण किती द्यायचं, यातलं काही नसेल तर शेड्यूल एच किंवा एच-१ चं औषध, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कायद्यातल्या याद्यांमधलं औषध, देऊ नका. औषध दिल्यावर चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीच्या वरच्या बाजूला दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाका. हा शिक्का राहिला की तीच चिठ्ठी चार दुकानांत फिरते, आणि झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत ते फार महागात पडतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती ब्रँड बदलताना. ‘कंटेंट सेम आहे’ म्हणून दुसरी स्ट्रिप हातात ठेवली जाते. शेड्यूल एचच्या औषधाऐवजी दुसरं काहीही देण्याला, घटक तोच असला तरी, औषध नियमांतल्या नियम ६५ (११अ) ने मनाई आहे. लिहिलेला ब्रँड नसेल तर डॉक्टरांना फोन करा आणि सुधारित चिठ्ठी मागवा. डोस चुकीचा वाटला तरी हेच करा. स्वतः खाडाखोड करू नका.

आता समुपदेशन. रुग्णाला तीन गोष्टी विचारा: हे औषध कशासाठी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? घेतल्यावर काय होईल म्हणाले? जिथे उत्तर अडेल, तेवढंच समजावून सांगा. शेवटी ‘घरी गेल्यावर कसं घेणार ते मला सांगा’ असं म्हणा. ‘समजलं ना?’ विचारलं तर प्रत्येक जण मान डोलावतो.

घाई असली तरी काही औषधांना हा वेळ द्यायलाच हवा. सांधेदुखीसाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; रोज घेतली तर रक्तपेशी घटून जीव जाऊ शकतो. म्हणून पाकिटावर ‘फक्त सोमवारी’ असा डॉक्टरांनी सांगितलेला वार मोठ्या अक्षरात लिहा. थायरॉइडची थायरॉक्सिन गोळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास लांब. स्प्रेचा इनहेलर समोर वापरून घ्या: हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, हळू आत ओढतानाच दाबायचा, साधारण दहा सेकंद रोखायचा. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. दाबणं आणि ओढणं एका वेळी जमलं नाही तर औषध घशातच बसतं आणि रुग्ण म्हणतो, ‘याने फरक पडत नाही.’

एच-१ साठी वेगळी वही ठेवा: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, दिलेली संख्या. ती तीन वर्षं जपायची असते. नोंद औषध देतानाच करा. महिनाअखेरीस बिलांवरून भरलेली वही साठ्याशी जुळत नाही. याच यादीत टीबीची औषधंही आहेत, आणि १६ मार्च २०१८ च्या अधिसूचनेमुळे अशा रुग्णाची माहिती कळवणं औषधविक्रेत्यावरही बंधनकारक आहे. टीबी रुग्णांच्या नोंदीसाठीच्या सरकारी ‘निक्षय’ पोर्टलवर किंवा जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याकडे ती द्या.

औषध घेतल्यावर पुरळ, सूज, चक्कर असं काही सांगत कुणी परत आलं तर डॉक्टरांकडे पाठवाच, शिवाय फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांचे दुष्परिणाम कळवण्याचा, फॉर्मही भरा. रुग्णाची आद्याक्षरं, वय, काय झालं, कधी सुरू झालं, संशयित औषध आणि तुमची ओळख एवढं तरी हवंच. औषधामुळेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरतो. फॉर्म जमत नसेल तर १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आहे.

काउंटरवरच्या मदतनिसाला आपल्या कायद्यात टेक्निशियनचा वेगळा दर्जा नाही. माल लावणं, मुदत तपासणं, बिल करणं त्याने करावं. चिठ्ठीवरचं औषध मात्र नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा समोर राहून देखरेखीखालीच द्यायचं. भिंतीवर प्रमाणपत्र टांगून फार्मासिस्ट बाहेर गेला असेल तर ती देखरेख होत नाही.

शेवटी आणखी एक वही, कायद्याने नव्हे तर स्वतःसाठी: तारीख, चिठ्ठीत काय अडचण दिसली, डॉक्टरांना किती वाजता फोन केला, काय बदललं. रुग्णाचं नाव त्यात नको. उद्या अधिकार वाढवून मागताना जिल्ह्यातल्या संघटनेला समोर ठेवायला याच नोंदी लागतील.