लेकराला कोणत्या खेळात घालावं? आधी त्याचं अंग मोजा
जूनमध्ये शाळा उघडली की पालक मैदानावर येऊन विचारतात, "सर, आमच्या लेकराला कोणत्या खेळात घालू?" उत्तर द्यायच्या आधी मी शिंप्याची टेप, खडू आणि एक वही काढतो. हे सगळं घरीही जमतं.

सुरुवात भिंतीपासून करा. लेकराला अनवाणी, पाठ टेकवून उभं करा आणि उंचीची खूण करा. मग दोन्ही हात आडवे ताणायला सांगून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा. बहुतेकांचं ते उंचीइतकंच भरतं. चार-पाच सेंटिमीटर जास्त भरलं तर कबड्डीत चढाईला, व्हॉलीबॉलला, भालाफेकीला ते हात कामी येतात. आखूड हातांचं लेकरू वजन उचलण्यात सरस ठरू शकतं, कारण त्याला बार कमी अंतर वर न्यावा लागतो.

मग बोटाला खडू लावा. उभ्या उभ्या हात पोचेल तिथे एक खूण, जागेवरून उडी मारून दुसरी. दोन्हींमधलं अंतर लिहून ठेवा. त्यानंतर ३० मीटर पळवून वेळ घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाला फेऱ्या मारायला लावा. उडीत आणि ३० मीटरला पुढे असलेलं लेकरू फेऱ्यांना मागे पडलं तर त्याला आळशी म्हणू नका. स्नायूंमध्ये काही तंतू झटक्यात जोर लावून लवकर थकणारे असतात, काही सावकाश पण बराच वेळ काम करणारे. त्यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं, आणि बरंचसं जन्मापासूनचं. पहिल्या प्रकारच्या लेकराला खो-खो, लांब उडी द्या, दुसऱ्याला लांब पल्ल्याचं धावणं.

आता खरी अडचण. १४ वर्षांखालच्या तालुका स्पर्धेत एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि त्याच्यासमोरचा अजून पोरसवदा असतो. जन्मदाखला दोघांचा एकाच वर्षाचा. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या, मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण तो वर्ष-दोन वर्षं मागेपुढे होतो. मी एका सातवीतल्या मुलाला "अंग नाही" म्हणून कबड्डीच्या संघातून काढलं होतं. घोट्याची पकड त्याची घट्ट होती, पण मोठी पोरं त्याला ओढत नेत. दहावीपर्यंत तो माझ्यापेक्षा उंच झाला. खेळ मात्र त्याने केव्हाच सोडला होता. त्याची आठवण आली की मला अजून वाईट वाटतं.

म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा. खुणा भराभर वर सरकू लागल्या की काही महिने लेकराचा तोल जातो, झेल सुटतात, खो-खोत मारलेला सूर चुकतो. रागावू नका. उड्यांचा सराव कमी करा. गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखत असेल तर पट्टी बांधून पळवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि वाढ उशिरा होणाऱ्याला संघाबाहेर काढू नका. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर पळायच्या शर्यतीकडे, वळला तोच सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडून. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतलं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक मोजमाप हवंच, रक्ताचं. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून आमच्याकडे मैदानावर येणाऱ्या मुली वाढल्या. त्यातली एखादी दोन फेऱ्यांत धापा टाकते आणि सगळे म्हणतात, हिला दमच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. बाराव्या वर्षानंतर ते १२च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती गिळते का पाहा, आणि उपचार डॉक्टरांकडून घ्या.

तळपाय ओला करून शहाबादी फरशीवर उमटवा. पूर्ण ठसा उठला तर पाय सपाट आहे. दुखत नसेल तर खुशाल पळू द्या.

राहिलं ऊन. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४०च्या पुढे जातो. वजनदार अंगात धावताना उष्णता जास्त तयार होते आणि वजनाच्या मानाने कातडी कमी असल्याने ती बाहेर पडायला वेळ लागतो. अशा लेकराला सडपातळ मुलांइतक्या फेऱ्या एका दमात देऊ नका. सराव सातच्या आत उरका, मध्ये सावलीत बसवा, पाणी द्या.

वही जपून ठेवा. दिवाळीनंतर हीच मोजमापं पुन्हा घ्यायची आहेत.