स्यूडोमोनासच्या आत लपलेला फाज बाहेर कसा काढायचा

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या पेशंटच्या फुप्फुसात स्यूडोमोनास एरुजिनोसा हा बॅक्टेरिया एकदा ठाण मांडून बसला की वर्षानुवर्षं हलत नाही, आणि आपण कल्चर, सेन्सिटिव्हिटी बघून मोकळे होतो, त्याच्या डीएनएत बसलेल्या फाजकडे (बॅक्टेरियाच्या व्हायरसकडे), म्हणजे प्रोफाजकडे बघतच नाही. याच बॅक्टेरियाच्या लिव्हरपूल एपिडेमिक स्ट्रेनचा जीनोम २००९ मध्ये आला तेव्हा कळलं की काही प्रोफाजमधले जीन बिघडवले की उंदराच्या फुप्फुसात तो स्ट्रेन मागे पडतो. म्हणून म्हणते, एमएस्सीच्या प्रोजेक्टला हे जरूर करून बघा, फक्त बायोसेफ्टी लेव्हल २ ची लॅब आणि गाईड सोबत हवेत.

एलबी या द्रव माध्यमात ३७ डिग्रीला शेकरवर कल्चर वाढवा, ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.५ च्या आसपास आली की नॉरफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घाला, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, तासभर. डीएनएला इजा झाली की प्रोफाज जागा होतो. (अँटिबायोटिकनेच फाज बाहेर येतो, हे मला अजूनही अस्वस्थ करतं.) मग सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढा. क्लोरोफॉर्म घालू नका, पीएफसारखे दोऱ्यासारखे फाज त्यात टिकत नाहीत, आणि नेमके तेच महत्त्वाचे, कारण ते बॅक्टेरियाला न मारता बाहेर पडतात, बायोफिल्म (बॅक्टेरियाचा चिकट थर) घट्ट करतात आणि टोब्रामायसिन या अँटिबायोटिकला अडवून धरतात.

आता पीएओ१ चा (स्यूडोमोनासचाच लॅबमधला नेहमीचा स्ट्रेन) लॉन, म्हणजे सलग थर, घाला सॉफ्ट अगारमध्ये. स्वतःच्याच स्ट्रेनवर टाकू नका, ज्याच्या आत फाज आहे तो त्याच फाजला दाद देत नाही. फिल्ट्रेटचे दहापट दहापट डायल्यूशन करून ५-५ मायक्रोलिटरचे थेंब ठेवा, रात्रभर ३७ ला.

सकाळी सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. पहिल्या थेंबाखाली स्वच्छ गोल दिसला म्हणजे फाज सापडला असं नाही, उरलेलं नॉरफ्लॉक्सासिन किंवा बॅक्टेरियाचंच पायोसिनसुद्धा (दुसऱ्या बॅक्टेरियाला मारणारं प्रोटीन) तसाच गोल पाडतं. पुढच्या डायल्यूशनला बघा, गोल नुसताच फिका होत गेला तर फाज नव्हे, पण सुटे सुटे ठिपके मोजता आले, आणि ठिपक्याच्या मध्यभागी धुरकट वाढ असली, तर तो टेम्परेट फाज (बॅक्टेरियाच्या डीएनएत लपून राहू शकणारा) असण्याची दाट शक्यता. नॉरफ्लॉक्सासिन न घातलेल्या कल्चरचं फिल्ट्रेट तुलनेसाठी शेजारी नक्की ठेवा.

प्लेट कोरीच राहिली तर लगेच निराश होऊ नका, तुमच्या पीएओ१ वर त्या फाजला धरायला जागाच नसेल, दुसरे दोन-तीन स्ट्रेन वापरून बघा.