सोसायटीच्या ग्रुपवरचा वाद वेळीच कसा मिटवावा

"गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने" ही सूचना पुणेकरांना पाठ आहे. बुधवारी रात्री पावणेबाराला कोणीतरी ती सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळवतं: "उद्या पाणी नाही, जपून वापरा." निम्मी घरं ते गुरुवारी सकाळी वाचतात आणि शुक्रवारचं समजतात. दहाला टाकी तळाला जाते. मग ग्रुपवर येतं, "काही लोकांना सांगून कळत नाही." इथून पुढे पाणी बाजूला राहतं आणि ते "काही लोक" कोण यावरून जुंपते.

म्हणून आधी लिहिणं सुधारा. वार, तारीख, वेळ तिन्ही घाला. "परवा" तर टाळाच, कारण आपल्याकडे गेलेला परवा आणि येणारा परवा एकच. "परवाचा टँकर सांगितलाय" यातून टँकर येऊन गेला की यायचाय, ते कळत नाही. "आपण"चंही तेच. "आपण मेंटेनन्स भरलेला नाही" हे सेक्रेटरी एकाला आदराने लिहितात आणि चाळीस घरं ते स्वतःवर घेतात. थकबाकीचा निरोप ज्याचा त्याला वेगळा पाठवावा.

सगळ्यात जास्त आग लावतात ते "काही सभासद", "सुज्ञांना सांगणे न लगे" असले शब्द. नाव नसल्यामुळे ते सौम्य वाटतात, पण प्रत्येकाला रोख आपल्यावरच आहे असं वाटतं. जागा आणि वस्तू लिहा: "बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्यात चपलांचं कपाट आहे, ये-जा करताना अडतं." त्याहून बरं म्हणजे बेल वाजवून सांगणं.

चुकीचं लिहिलं गेलं, तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज दाबून धरून एडिट करता येतो. वेळ गेली असेल तर जुना मेसेज कोट करून खाली दुरुस्ती लिहा. डिलीट साधारण अडीच दिवसांपर्यंत करता येतं, पण मागे खूण उरते आणि काय लिहिलं होतं याचे तर्क सुरू होतात. पुसण्यापेक्षा "वार चुकला, गुरुवार वाचावं" हे चांगलं.

दुसऱ्याचं लिहिणं खटकलं, तर उत्तराआधी एकच प्रश्न विचारा, तोही "का"ने सुरू न होणारा. "का नाही कळवलं?" हा जाब होतो, "कधी कळवलं होतं?" याला सरळ उत्तर मिळतं. मेसेज उजवीकडे सरकवून कोट करायला विसरू नका. गर्दीच्या ग्रुपवर आधीच्या फोटोला दिलेलं "छान" नेमकं कोणाच्या वडिलांच्या निधनाच्या बातमीखाली जाऊन बसतं, आणि ते त्या घराच्या मनातून लवकर जात नाही. तसं झालं तर लगेच फोन करा.

दोन्हीकडून दोन-दोन उत्तरं होऊनही गाडी तिथेच असेल, तर लिहिणं थांबवून बोला. ग्रुपवर एवढंच टाका: "आम्ही बोलून घेतो, रात्री नऊपर्यंत कळवतो." आणि नऊला खरंच कळवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. दोघांचं मिटलेलं असतं, पण बाकीच्यांच्या लेखी भांडण चालूच राहतं.

वातावरण फारच तापलं तर अॅडमिनने "फक्त अॅडमिन लिहू शकतात" ही सेटिंग काही तासांपुरती लावावी आणि किती वाजता उघडणार तेही सांगावं. वेळ न सांगता लावलं की ती मुस्कटदाबी वाटते. चिडून कोणाला ग्रुपमधून काढू नये: त्याच ग्रुपवर पाण्याच्या आणि लिफ्टच्या सूचना येतात, त्या त्याच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही लागतात.

पार्किंग, पैसे, नियम यांचे वाद मात्र ग्रुपवर सुटत नाहीत. पोलवरून कल कळतो, पण पोल म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव नव्हे. असा विषय कमिटीला लेखी द्या, सभेच्या अजेंड्यावर घ्यायची विनंती करा आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.